वाचकांचे प्रश्न: कन्झ्युमर प्रपोझल केलं तर घराचं काय होतं?

या वेळी कॅनडातून आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच काळजीची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. क्रेडिट कार्डं आणि लाइन ऑफ क्रेडिट हाताबाहेर गेलीयत, कुणीतरी कन्झ्युमर प्रपोझलचं (म्हणजे क्रेडिटरना, कर्ज देणाऱ्यांना, ठरलेली रक्कम हप्त्यांनी देऊन देणं संपवायचा कायदेशीर करार) नाव सांगितलंय, पण घर आहे आणि घरात थोडीफार इक्विटी (घराच्या किमतीतून त्यावरचं कर्ज जाऊन उरणारा आपला भाग) आहे, मग ते घर जाणार का, ही ती काळजी. मी स्वतः ट्रस्टी, म्हणजे प्रपोझल फाइल करणारा परवानाधारक, नाही, पण ट्रस्टीच्या ऑफिसात बरीच वर्षं समोर बसून लोकांचे फॉर्म भरून घेतलेत, त्यामुळे ही काळजी किती जणांची झोप उडवते ते जवळून बघितलंय. पत्रं थोडी कापली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत.

प्रश्न (ब्रॅम्प्टन, ऑन्टेरियो): नमस्कार ताई. 2021 च्या शेवटी आम्ही दोघांनी मिळून टाउनहाउस घेतलं 9,20,000 डॉलरला, व्हेरिएबल रेट होता, सुरुवातीला दीड टक्क्याच्या आसपास. नंतर रेट वाढत गेला तसा हप्ता वाढला, मग घरखर्च कार्डावर जायला लागला, त्यात माझी नोकरी सात महिने नव्हती. आज माझ्या एकट्याच्या नावावर कार्डं आणि पर्सनल लोन मिळून 68,000 आहेत. मॉर्गेज 6,85,000 बाकी, घरावरची लाइन ऑफ क्रेडिट 30,000. शेजारचं तसंच घर आत्ता 7,80,000 ला गेलं. म्हणजे माझ्याकडे 65,000 इक्विटी दिसते, ती ट्रस्टी काढून घेणार का? आणि आईने नाशिकचा प्लॉट विकून डाउन पेमेंटला 60,000 दिले होते, ते आईचं कर्ज म्हणून दाखवता येतील का?

उत्तर: दादा, आधी एक गोष्ट, प्रपोझलमध्ये ट्रस्टी तुमच्या घराचा ताबा घेत नाही, घर विकायला लावत नाही, टायटलवर तुमचंच नाव राहतं. मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, हे सिक्युअर्ड, म्हणजे तारणावरचं, कर्ज आहे, ते प्रपोझलच्या बाहेर असतं आणि त्याचा हप्ता तुम्ही आत्ता भरताय तसाच भरत राहायचा. मग इक्विटी येते कुठे? ती येते तुम्ही क्रेडिटरना किती पैसे ऑफर करायचे त्या आकड्यात. कायदा, म्हणजे बँकरप्सी अँड इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, त्यामागचा विचार सरळ आहे: तुम्ही आज दिवाळखोरी जाहीर केली असती तर क्रेडिटरच्या हातात जे पडलं असतं त्याहून प्रपोझलमध्ये जास्त पडायला हवं, नाहीतर ते हो का म्हणतील? आणि दिवाळखोरीत जे पडलं असतं त्यात घरातला तुमचा हिस्सा धरला जातो. म्हणून इक्विटी म्हणजे तुमच्या प्रपोझलची खालची पातळी ठरवणारा आकडा, घरावरची जप्ती नाही.

आता तुमचे 65,000. हा आकडा बरोबर नाही आणि अशाच आकड्याला घाबरून लोक दोन दोन वर्षं ट्रस्टीकडे जात नाहीत, ह्याचं मला फार वाईट वाटतं. इक्विटी मोजताना घर खरंच विकलं असतं तर हातात काय उरलं असतं तसं मोजतात. 7,80,000 मधून मॉर्गेज आणि लाइन ऑफ क्रेडिट गेल्यावर 65,000 उरले बरोबर, पण रिअल इस्टेट एजंटचं कमिशन 5 टक्के धरलं तर 39,000, त्या कमिशनवर 13 टक्के एचएसटी (विक्रीकर) म्हणजे अजून 5,070, आता राहिले 20,930. वकिलाचे साधारण 2,000. मॉर्गेज मधेच मोडल्याचा दंड, व्हेरिएबलला बहुतेक वेळा तीन महिन्यांचं व्याज, साडेचार टक्के धरलं तर 7,700 च्या आसपास. प्रॉपर्टी टॅक्स थकला असेल तर तोही, तुम्ही पत्रात खाली 1,800 लिहिलेत ते धरले. उरले 9,430. आणि टायटलवर दोघं आहात, कर्ज तुमच्या एकट्याचं, म्हणून त्यातला अर्धाच तुमचा, 4,715. ऑन्टेरियोत राहत्या घरातली 10 हजारांहून थोडी वरपर्यंतची इक्विटी कायद्याने सुरक्षित असते, नेमका आकडा काही वर्षांनी बदलतो तो ट्रस्टी सांगेल, पण तुमचे 4,715 आजच्या कुठल्याही हिशोबात त्याच्या आतच आहेत. म्हणजे घरामुळे तुमची ऑफर एका डॉलरनेही वाढत नाही.

इथे ऑन्टेरियोचा एक काटा सांगते कारण तो लोकांना माहीत नसतो. ही सूट पायरीसारखी आहे. हिस्सा त्या मर्यादेच्या आत असेल तर पूर्ण सुरक्षित, पण मर्यादा ओलांडली की मग सूट मिळतच नाही, पहिल्या डॉलरपासून सगळी इक्विटी मोजतात. म्हणून जो काठावर आहे त्याच्या बाबतीत घराची किंमत 7,80,000 की 8,00,000 ह्याने खूप फरक पडतो. तेव्हा किंमत अंदाजाने सांगू नका, एखाद्या एजंटचं लेखी मत घ्या किंवा सरळ पैसे देऊन अप्रेझल करून घ्या. आणि कृपा करून प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरची किंमत घेऊन जाऊ नका, ऑन्टेरियोत ते असेसमेंट 1 जानेवारी 2016 च्या भावावर अडकलेलं आहे, त्याचा आजच्या बाजाराशी संबंध नाही.

आईच्या पैशाचं. दादा, घर घेताना बँकेने तुमच्याकडून गिफ्ट लेटर घेतलं असणार, त्यावर आईची सही असते की हे पैसे भेट आहेत, परत घ्यायचे नाहीत. ते पत्र बँकेच्या फाइलमध्ये आजही आहे. आता तेच पैसे कर्ज म्हणून दाखवले तर दोनपैकी एक कागद खोटा ठरतो, आणि प्रपोझलचा फॉर्म तुम्ही शपथेवर भरताय. मला कळतं हो मनात काय आहे ते, आईने प्लॉट मोडला आणि तिला काहीच परत नाही हे सहन होत नाही. पण प्रपोझल पूर्ण झाल्यावर तुम्ही तुमच्या पगारातून तिला महिन्याला काय द्यायचं ते द्या की, तिथे कुणी अडवत नाही. आणि तुमच्या केसमध्ये तर ते दाखवायची गरजही नाही, इक्विटी तशीही सुरक्षित आहे.

राहिला ऑफरचा आकडा. तो तुमच्या पगारावरून ठरेल. दिवाळखोरीत सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या वरचं जे उत्पन्न असतं त्याचा साधारण अर्धा भाग भरावा लागतो, पहिल्यांदा दिवाळखोरी असेल आणि असं जादा उत्पन्न असेल तर 21 महिने. ट्रस्टी हे गणित मांडतो आणि त्याच्या वर काहीतरी ऑफर बनवतो. समजा 400 महिना 60 महिने ठरले तर 24,000 भरून 68,000 चं देणं संपतं आणि फाइल केल्या दिवसापासून व्याज थांबतं. प्रपोझल 60 महिन्यांहून लांब नसतं. क्रेडिटरना 45 दिवस असतात, डॉलरच्या किमतीने बहुमत लागतं, आणि 25 टक्के देणं ज्यांचं आहे अशांनी मीटिंग मागितली नाही तर ते मंजूर झालं असं धरतात. लवकर पैसे आले तर लवकर फेडून टाका, दंड नाही. ट्रस्टीची फी तुमच्या त्याच हप्त्यातून जाते, वेगळी नाही.

प्रश्न (मिसिसागा): ताई, आमचं घर 2009 चं, मॉर्गेज फक्त 2,80,000 राहिलंय आणि घर 9,50,000 चं आहे म्हणतात. पण माझा टिफिनचा धंदा बसला, माझ्या नावावर 90,000 कार्ड आणि बिझनेस लाइन. मिस्टरांची नोकरी आहे पण पगार जेमतेम. दोन ट्रस्टींकडे जाऊन आले, दोघंही म्हणाले पूर्ण 90,000 भरावे लागतील, एक पैसाही सुटणार नाही. मग प्रपोझलचा उपयोग काय? एक ब्रोकर म्हणतो सेकंड मॉर्गेज घ्या 12 टक्क्याने, उद्या पैसे मिळतील.

उत्तर: ताई, दोघंही ट्रस्टी खरं बोलले. विक्रीचा सगळा खर्च काढूनही तुमच्या घरात सहा लाखांच्या वर उरतात, त्यातला तुमचा अर्धा हिस्सा तीन लाखांच्या आसपास, आणि देणं 90,000. दिवाळखोरीत क्रेडिटरना पूर्ण पैसे मिळाले असते, मग प्रपोझलमध्ये कमी कशाला घेतील. ज्याच्या घरात देण्यापेक्षा जास्त इक्विटी आहे त्याला मुद्दलात सूट मिळत नाही, हे पचायला जड आहे पण असंच आहे.

तरीही उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. 90,000 वर कार्डाचं 20 टक्के व्याज म्हणजे वर्षाला 18,000, महिन्याला 1,500. आज तुम्ही महिन्याला 1,500 भरताय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ते सगळं व्याजातच जातंय, पाच वर्षं भरलंत तरी पाच वर्षांनी 90,000 च उभे राहणार. तेच 1,500 प्रपोझलमध्ये 60 महिने भरले तर 90,000 होतात आणि देणं संपतं. हप्ता तोच, पण एकीकडे शेवट आहे. हे गणित मी कितीतरी बायकांना कागदावर काढून दाखवलंय आणि दरवेळी समोरचं माणूस गप्प होतं.

पण त्याआधी बँक बघा. राहत्या घरावर रिफायनान्स 80 टक्क्यांपर्यंत होतो, म्हणजे 7,60,000 पर्यंत, जागा भरपूर आहे. अडचण घराची नाही, उत्पन्नाची आहे, कारण स्ट्रेस टेस्टमध्ये तुमच्या रेटच्या वर 2 टक्के किंवा 5.25 टक्के, जे जास्त असेल त्या रेटने हप्ता झेपतो का ते बघतात. मिस्टरांच्या पगारावर ते बसलं तर 90,000 मॉर्गेजमध्ये गेले की साडेचार टक्क्याने 25 वर्षांत महिन्याला जेमतेम 500 वाढतात. एकूण दीड लाख जातील हे खरं, पण तुमचं क्रेडिट शाबूत राहतं आणि मधे कधीही जास्त भरून संपवता येतं. हे मिळत असेल तर हेच घ्या. तुमची बँक नाही म्हणाली म्हणून सगळ्या नाही म्हणतील असं नाही, क्रेडिट युनियनकडेही विचारा.

ब्रोकरच्या सेकंड मॉर्गेजबद्दल माझं मत चांगलं नाही. 12 टक्क्याने 90,000 वर महिन्याला 900, ते फक्त व्याज, मुद्दल तसंच. मुदत बहुधा एक वर्ष, फी आधीच कापून घेतात, वर्षाने रिन्यू करायला परत फी, आणि तोवर तुमचं उत्पन्न वाढलं नसेल तर कुठली बँक तुम्हाला ह्यातून सोडवणार? आज जे कर्ज कार्डाचं आहे, ज्याच्यासाठी कुणी थेट तुमच्या घराला हात लावू शकत नाही, ते कर्ज तुम्ही स्वतःहून घरावर चढवताय. जी काही घरं जाताना मी बघितली त्यातली बरीचशी कार्डामुळे नाही, अशा दुसऱ्या तिसऱ्या मॉर्गेजमुळे गेली. एका कुटुंबाला तर मी स्वतः फोन करून थांबा म्हटलं होतं, त्यांनी तोवर सही केली होती.

आणखी एक वाट आहे जी ट्रस्टीला विचारा. प्रपोझल अशा पद्धतीनेही बांधता येतं की सुरुवातीला छोटा हप्ता आणि ठरलेल्या तारखेपर्यंत घर रिफायनान्स करून किंवा विकून उरलेली रक्कम एकदम. मोठा मुलगा दोन वर्षांनी नोकरीला लागेल असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा बँकेचं गणित बदलू शकतं. आणि एक, आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मोडून कार्ड भरायचा विचार पत्रात दिसतो, तो आत्ता करू नका. आरआरएसपीतले पैसे, शेवटच्या 12 महिन्यांत टाकलेले सोडून, दिवाळखोरीतही सुरक्षित असतात. काढले की टॅक्स कापला जातो आणि जे सुरक्षित होतं तेच गेलं. टीएफएसएला (करमुक्त बचत खात्याला) मात्र असं संरक्षण नाही, तो मोजला जातो.

प्रश्न (कॅलगरी): कॅलगरीत घर आहे, इक्विटी फार नाही. पण पुण्यात कोथरूडला एक फ्लॅट आहे माझ्या आणि भावाच्या नावावर, तिथे बाबा राहतात. शिवाय संगमनेरजवळ वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर काका, बाबा आणि आम्हा सगळ्यांची नावं आहेत. हे कॅनडाच्या ट्रस्टीला सांगायची गरज आहे का? त्यांना कळणार तरी कसं?

उत्तर: सांगायची गरज आहे. कायद्यात मालमत्तेची व्याख्या करताना कॅनडात असो की बाहेर असं स्पष्ट लिहिलंय. कळणार कसं ह्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण शपथेवर खोटं लिहून पाच वर्षं रोज घाबरत जगण्यापेक्षा खरं लिहिल्यावर होणारा त्रास बराच कमी असतो हे मी बघितलंय. आणि खरं सांगितल्यावर होतं काय ते ऐका, बहुतेक लोकांना वाटतं तितकं वाईट होत नाही.

कॅलगरीचं घर आधी. अल्बर्टात राहत्या घराची सूट 40 हजार डॉलरपर्यंत आहे, ऑन्टेरियोपेक्षा बरीच जास्त, पण दोघांच्या नावावर घर असेल तर ती हिश्शाप्रमाणे वाटली जाते. ही सूट राहत्या घराला आहे, कोथरूडच्या फ्लॅटला नाही.

फ्लॅटचं बघायचं तर पहिल्यांदा इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून नीट वाचा. तुम्ही खरेदीखतात मालक आहात की सोसायटीच्या रजिस्टरात फक्त नॉमिनी? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. फ्लॅट बाबांच्या नावावर असेल आणि तुम्ही दोघं नुसते नॉमिनी असाल तर बाबा हयात असताना त्यात तुमचा हिस्साच नाही. कितीतरी लोक स्वतःला मालक समजून बसलेले असतात, आणि उलटही होतं, बाबांनी घेतलेल्या फ्लॅटच्या खरेदीखतात मुलाचं नाव असतं आणि मुलाला पत्ताच नाही.

खरंच अर्धे मालक असाल तर किंमत काढा. समजा फ्लॅट 90 लाखांचा, तुमचे 45 लाख, डॉलरला 60 रुपये धरले तर 75 हजार डॉलर. पण इथेही विकून हातात काय येईल तेच बघतात. भारतात लाँग टर्म कॅपिटल गेन टॅक्स, जुलै 2024 पासून 12.5 टक्के, एनआरआय विकणारा असेल तर खरेदीदार टीडीएस कापूनच पैसे देतो, दलाली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे भाऊ विकायला तयार नाही आणि आत म्हातारे वडील राहतात. असा अर्धा हिस्सा बाजारात कोण घेईल आणि किती कमी किमतीला? पुण्यातल्या रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि वकिलाचं एक पत्र ट्रस्टीला द्या, की हिस्सा वेगळा विकणं का अवघड आहे. जो आकडा निघेल तो तुमच्या ऑफरमध्ये मोजला जाईल, फ्लॅट विकायला लागेलच असं नाही, ऑफर वाढेल आणि ती 60 महिन्यांत विभागली जाईल.

सातबाऱ्याचं अजून किचकट. वाटणी झालेली नाही, फेरफारात नावं एकत्र, कुणाचा किती हिस्सा ते ठरलेलं नाही, शिवाय आत्यांचा हिस्सा आहे, 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच. गावात सगळे धरून चालतात की आत्या काही मागणार नाहीत, पण व्हॅल्युएशन करताना तसं धरता येत नाही. त्यामुळे तुमचा हिस्सा मोजला की तो लहान निघतो आणि विकणं जवळजवळ अशक्य, ट्रस्टीला हे समजावून सांगितलं की तो ते नोंदवून घेतो. लिहा, सातबारा जोडा, इंग्रजी भाषांतर जोडा. न लिहिलेला हिस्सा नंतर सापडला की मात्र अख्खं प्रपोझल संशयात येतं.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की मधे बाबा गेले आणि वारसा आला तर. दिवाळखोरी चालू असताना आलेला वारसा क्रेडिटरकडे जातो. प्रपोझलमध्ये तसं नाही, फाइल केल्यानंतर आलेलं, प्रपोझलमध्ये काही वेगळं लिहिलेलं नसेल तर, तुमचंच.

प्रश्न (ओकव्हिल): घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मित्र म्हणतो आधी बायकोच्या नावावर एक डॉलरला करून टाक, सहा महिने थांब आणि मग प्रपोझल कर. चालेल का?

उत्तर: नाही. फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत काय विकलं, कुणाला दिलं, कुठल्या नातेवाइकाच्या नावावर केलं ते विचारलेलं आहे. किमतीपेक्षा कमीत नातेवाइकाला दिलेली मालमत्ता, तुम्ही तेव्हा कर्जात बुडालेले होतात किंवा क्रेडिटरना चुकवायचा हेतू होता असं दिसलं तर पाच वर्षं मागे जाऊन उलटवता येते. ट्रस्टीला हे क्रेडिटरना सांगावंच लागतं. मित्राचा हेतू वाईट नसेल, पण त्या एका कागदाने तुमची जी स्वच्छ केस होती ती बिघडते. बायकोने लग्नानंतर हप्त्यात पैसे भरले असतील तर त्याचे बँक स्टेटमेंट जमवा आणि ट्रस्टीला दाखवा, वकिलाचं मत घ्या, तिचा खरा हिस्सा असेल तर तो मांडता येतो. तो मार्ग सरळ आहे.

प्रश्न (स्कारबरो): माझं प्रपोझल मागच्या वर्षी मंजूर झालं, हप्ते वेळेवर चालू आहेत. आता पुढच्या मार्चमध्ये मॉर्गेज रिन्यूअल आहे. बँक नाही म्हणाली तर? आणि घराची किंमत वाढली तर ट्रस्टी परत मोजणार का?

उत्तर: परत मोजत नाहीत. घराची किंमत फाइल करायच्या वेळची धरतात, नंतर वाढली तर ती वाढ तुमची, मॉर्गेज फेडत गेल्याने वाढलेली इक्विटीपण तुमची. दिवाळखोरी आणि प्रपोझल ह्यातला हा मोठा फरक आहे.

रिन्यूअलचं म्हणाल तर हप्ता कधी चुकलेला नसेल तर सध्याची बँक बहुतेक वेळा रिन्यूअलचं पत्र पाठवते, नव्याने अर्ज करायला लावत नाही. तुम्हाला रेट कमी हवा म्हणून दुसऱ्या बँकेत जायचं असेल तर मात्र प्रपोझल क्रेडिट रिपोर्टवर दिसेल आणि अवघड जाईल. म्हणून रेट थोडा जास्त वाटला तरी आत्ता बँक बदलू नका. फक्त एक बघा, तुमचं मॉर्गेज कोलॅटरल चार्ज पद्धतीचं आहे का. काही बँका अशी नोंदणी करतात की त्याच बँकेचं कार्ड किंवा लाइन घरावरच्या तारणात धरता येते. वकिलाकडच्या कागदात ते लिहिलेलं असतं. तसं असेल आणि त्याच बँकेचं कार्ड प्रपोझलमध्ये असेल तर रिन्यूअलच्या दोन तीन महिने आधीच ट्रस्टीशी बोला, पत्र यायची वाट बघू नका. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर ते दुसरीकडे हलवा, कारण बँक तिच्या देण्यापोटी खात्यातले पैसे वळते करून घेऊ शकते. हे खरं फाइल करण्याआधी करायचं असतं.

हप्ते मात्र चुकवू नका. तीन महिन्यांचे हप्ते थकले की प्रपोझल आपोआप रद्द होतं, जुनं देणं परत उभं राहतं. नोकरीला धक्का लागला तर थकायच्या आधी ट्रस्टीला सांगा, प्रपोझलमध्ये बदल मागता येतो.

प्रश्न (ब्रॅम्प्टन, दुसरं पत्र): माझं मुख्य देणं इन्कम टॅक्सचं आहे, ट्रक चालवतो, तीन वर्षं टॅक्स भरला नाही, 55,000 झाले. सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, प्रपोझलमध्ये येतं का? एक कन्सल्टंट 1,800 आगाऊ मागतोय, सेटलमेंट करून देतो म्हणतो.

उत्तर: सीआरए येतं, ते बाकीच्यांसारखंच मत देतं. पण दादा वेळ घालवू नका. सीआरए तुमच्या घरावर आपल्या देण्याची नोंद करू शकतं आणि एकदा ती नोंद झाली की ते देणं सिक्युअर्ड होतं, मग प्रपोझल करून ते कमी होत नाही, घर विकताना किंवा रिफायनान्स करताना आधी तेच फेडावं लागतं. नोंद होण्याआधी प्रपोझल फाइल झालं तर ते साधं देणं राहतं. काही दिवसांच्या फरकाने हजारो डॉलरचा फरक पडतो, मी पडलेला बघितलाय. राहिलेले रिटर्न आधी भरून घ्या, रिटर्न भरलेले नसतील तर सीआरए प्रपोझलला हो म्हणत नाही.

कन्सल्टंटला पैसे देऊ नका. प्रपोझल फक्त लायसन्स्ड इन्सॉल्व्हन्सी ट्रस्टीच फाइल करू शकतो, तो कन्सल्टंट 1,800 घेऊन तुम्हाला ट्रस्टीकडेच पाठवेल. ट्रस्टीकडे पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते, आणि सुपरिटेंडंट ऑफ बँकरप्सीच्या सरकारी यादीत नाव आहे का ते बघूनच जा. आपल्या लोकांमध्ये, मंदिराच्या बोर्डावर, दुकानाच्या काउंटरवर अशी कार्डं बरीच असतात, आणि मराठीत किंवा हिंदीत बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून माणूस विश्वास ठेवतो. भाषेची अडचण असेल तर इंग्रजी येणाऱ्या मुलाला किंवा पुतण्याला सोबत न्या.

प्रश्न (स्लाउ, इंग्लंड): आमच्याकडे कन्झ्युमर प्रपोझल नाही, आयव्हीए आहे, क्रेडिटरशी करायचा तसाच कर्जफेडीचा करार. इक्विटीचा नियम तोच का?

उत्तर: तोच नाही. आयव्हीएला मत देणाऱ्या क्रेडिटरपैकी किमतीने 75 टक्के होकार लागतो, आणि घराचा हिशोब बऱ्याच आयव्हीएमध्ये सुरुवातीला संपत नाही, शेवटच्या वर्षाच्या सुमाराला परत किंमत काढतात, तेव्हा रिमॉर्गेज करून इक्विटीतला भाग द्यायचा, आणि रिमॉर्गेज मिळालं नाही तर बहुधा अजून 12 महिने हप्ते. काही करारांत सुरुवातीपासूनच सहा वर्षं लिहिलेली असतात. म्हणजे कॅनडातला माणूस फाइल केल्यावर घराच्या किमतीबद्दल निवांत असतो, तुम्हाला तसं राहता येईलच असं नाही. तुमच्या आयव्हीएच्या कागदात प्रॉपर्टी किंवा इक्विटी असं कलम शोधा, तुमच्यावर तेच लागू होतं, मित्राच्या आयव्हीएत काय होतं ते नाही. सही अजून झाली नसेल तर ते पान मला पाठवा, नाव पत्ता झाकून, पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहिते.